मापातलं इमान

लहानपणी आभाळात घरघर ऐकू आली की गल्लीतली पोरं हातातलं टाकून अंगणात धावायची आणि एकच गलका व्हायचा, 'इमान आलं, इमान!' अहमदपूरकडच्या बोलीत शब्दाच्या तोंडचा 'वि' फार काळ टिकत नाही. विहिरीची इहीर होते, विचाराचा इचार होतो, विस्तवाचा इस्तू होतो. त्याच रीतीनं विमानाचं इमान. शाळेत निबंधात मी 'इमान' लिहिलं, तेव्हा गुरुजींनी तांबड्या शाईनं ते खोडलं आणि बाजूला लिहिलं, 'इमान म्हणजे प्रामाणिकपणा. उडतं ते विमान.' पुढं मीही तीस वर्षं मराठी शिकवली आणि असली कितीतरी 'इमानं' त्याच शाईनं खाली पाडली. यंदा दिवाळीच्या सुमारास आमच्या ओसरीवर एक विमान तयार झालं. ते पाहताना मात्र वाटू लागलं की तो खोडलेला शब्द एकदा पुन्हा नीट वाचायला हवा.

विमान पुतण्यानं केलं. तयार खेळणं आणून सेल भरायचे, असलं नव्हे. कागदावरचा प्लॅन समोर ठेवून एकेक तुकडा कापायचा, चिकटवायचा, वर पातळ आवरण ताणायचं, पुढं मोटार, आत बॅटरी, आणि जमिनीवर उभं राहून रेडिओनं चालवायचं. पंखाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सव्वातीन फूट. गल्लीतले येणारे-जाणारे विचारायचे, 'ड्रोन करूलालास का रे?' सोयाबीनवर फवारणी करणारे ड्रोन आता इकडच्या शिवारात दिसतात, त्यामुळे माणसाविना उडणारं ते सगळं ड्रोन. मूळ इंग्रजीत ड्रोन म्हणजे नर मधमाशी. पोळ्यात ती काडीचं काम करत नाही. आपल्याकडं मात्र त्याच नावाचं यंत्र एकरामागून एकर औषध मारतं. शब्दाचं नशीब कुठं उघडेल, सांगता येत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीचा शब्द निराळाच होता. ते म्हणायचे 'हवाई जहाज'. 1948 पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि त्यानंतरही 1956 पर्यंत अहमदपूर बीदर जिल्ह्यात मोडत होतं. पुढं ते उस्मानाबादेत गेलं आणि 1982 साली लातूर जिल्हा झाला तेव्हा लातुरात आलं. जिल्हे बदलले, पण उर्दूतून शिकलेल्या माणसांच्या तोंडातलं जहाज तसंच राहिलं. हे अरबी जहाज मुळात समुद्रातलं नव्हेच. त्याचा मूळ अर्थ सामानसुमान, सरंजाम. लग्नात मुलीबरोबर पाठवायचा 'जहेज' त्याच घरातला. म्हणजे सामान लादून निघालं ते जहाज. पाण्यावरून निघो की हवेतून. बीदरशी आमचा कागदोपत्री संबंध तुटला, पण तिथल्या हवाई दलाच्या तळावर सूर्यकिरण या हवाई कसरतींच्या पथकाचा मुक्काम असतो, हे इथली पोरं अभिमानानं सांगतात.

आता विमान. हा शब्द ऐकला की आपल्याला पुष्पक आठवतं, तुकोबांना न्यायला आलेलं वैकुंठीचं विमान आठवतं, म्हणून त्याच्या पोटात पंख किंवा पक्षी असेल असं वाटतं. तसं काही नाही. 'वि' हा उपसर्ग आणि 'मा' म्हणजे मोजणं हा धातू. ऋग्वेदात विमान हा शब्द अंतराळ मापून काढणारा, आक्रमून जाणारा अशा अर्थानं येतो. चरकसंहितेचं तिसरं स्थान आहे विमानस्थान. त्याचे आठ अध्याय वाचून उड्डाणाची एक ओळ सापडायची नाही, कारण तिथं दोष, औषध, आहार, देश, काळ यांचं प्रमाण कसं ओळखावं हा विषय आहे. देवळाच्या गाभाऱ्यावरच्या वास्तूलाही विमान म्हणतात. वेरूळच्या कैलास लेण्याचं विमान आठव्या शतकात राष्ट्रकूटांच्या काळात डोंगरातून कोरून काढलं. हे राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे अधिपती म्हणवत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपलं लातूर असं मानतात. तेव्हा लातूरकरांचं सर्वांत मोठं विमान दगडाचं आहे आणि ते जागचं हलत नाही. आमच्याकडच्या लिंगायत समाजात देह बसवून नेतात. त्या सजवलेल्या पालखीलाही जुनी माणसं विमानच म्हणतात. उडणारं, न उडणारं, खांद्यावरून जाणारं, या सगळ्यांना बांधणारी गाठ एकच: मापून रचलेलं ते विमान. माप, मान, प्रमाण, मात्रा, अनुमान, एवढंच काय उपमासुद्धा याच 'मा'ची लेकरं.

'मॉडेल'चं कूळ शोधलं तर तिथंही पट्टीच हाताला लागते. लॅटिनमध्ये 'मोदुस' म्हणजे माप, आणि त्याचं लाडकं छोटं रूप 'मोदुलुस', म्हणजे लहान माप. तेच फिरत फिरत मॉडेल झालं. म्हणजे 'मॉडेल विमान' या जोडशब्दात माप दोनदा आलं आहे, एकदा लॅटिनमधून आणि एकदा संस्कृतातून. मराठीत यासाठी 'नमुना' हा सोपा शब्द होता. तो फारसी. पण आपण त्याला सातबाऱ्यात गुंतवून टाकला. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा. उरलेला नमुना विक्षिप्त माणसाला चिकटवला, 'काय नमुना आहे!' आता पोरानं 'विमानाचा नमुना करतोय' म्हटलं असतं, तर शेजाऱ्यांनी नमुना कुणाला म्हटलं असतं, ते मला माहीत आहे.

प्लॅनला आपण आराखडा म्हणतो, नकाशा म्हणतो. आराखड्यात रेघ ऐकू येते. नकाशा अरबी 'नक्श'पासून आला, म्हणजे कोरणं. नक्षी त्याचीच बहीण. पुतण्याचा नकाशा अनेक पानांवर छापून, कडा जुळवून चिकटवायचा होता. तो छापून आणला, बाल्साच्या पातळ फळ्यांवर ठेवून पंखाचे तुकडे कापले, आणि शेवटी प्लायवुडच्या छोट्या पाटीत सर्व्हो नावाची इवलीशी मोटार बसवायला घेतली. ती बसेना. मोटारीचं अंग सुमारे 23 मिलिमीटर लांब, आणि नकाशावरून कापलेलं भोक सव्वाबावीसच्या आसपास. पोरगा कानशीनं भोक मोठं करायला लागला.

तेवढ्यात आमचे सुतारमामा दाराचं बिजागर बघायला आले. खाली बसून त्यांनी बाल्साचा तुकडा हातात घेतला, हवेत उडवून झेलला आणि म्हणाले, 'हे लाकूड हाय का लाह्या?' बाल्सा हलकाच. पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं त्याचं वजन. झाड दक्षिण अमेरिकेतलं आणि स्पॅनिशमध्ये बाल्सा म्हणजे तराफा. मामांना हे सांगेपर्यंत त्यांची नजर नकाशाच्या कोपऱ्यावर गेली होती. तिथं एक आडवी रेघ होती आणि तिच्याखाली 100 मिलिमीटर असं लिहिलेलं. मामांनी खिशातून टेप काढून रेघेवर लावला. भरले 97.

'मापच खोटं हाय की. भोकाला कशाला घासूलालास?'

झालं होतं असं की छापताना कागदाच्या मापात बसवण्याची खूण तशीच राहिली होती. यंत्रानं सगळा नकाशा गुपचूप तीन टक्क्यांनी आकसून दिला. डोळ्याला काही कळत नाही, कारण सगळंच सारख्या प्रमाणात लहान. पण लांबी 97 टक्के झाली की पंखाचं क्षेत्र 94 टक्क्यांवर येतं, आणि मोटार, बॅटरी, सर्व्हो काही आकसत नाहीत. पंख कमी, ओझं तेवढंच. पोरगा रडवेला झाला. मामा म्हणाले, 'रडू नगं. सूताचा हिशोब चुकला की घरसुद्धा पाडून बांधावं लागतंय.'

सूत! सुताराच्या भाषेत सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एका इंचाचे आठ सूत. आणि योगायोग असा की परदेशी नकाशांत बाल्साच्या फळ्यांची जाडी इंचाच्या आठव्या, सोळाव्या भागात दिलेली असते. पुतण्या ती मिलिमीटरमध्ये करत बसला होता. मामांनी एका दमात सांगितलं, 'ही एक सुती, ही अर्ध्या सुताची.' हे सूत म्हणजे दोराच. तोच दोरा नेमाच्या अर्थानं सूत्र झाला, आणि तो धरणारा सूत्रधार. प्राकृतातून झिजत झिजत या सूत्रधाराचाच आपला 'सुतार' झाला. नाटकातला सूत्रधार आणि ओसरीवरचा सुतार एकाच आईची लेकरं. एकाला रंगमंच मिळाला, दुसऱ्याला रंधा. रंधा फारसी. गुण्या फारसीतून आलेला, आणि त्याच्या मागं कोन या अर्थाचा ग्रीक 'गोनिया'. करवत मात्र आपली, संस्कृत करपत्र. एका सुताराच्या पिशवीत एवढ्या भाषा सुखानं नांदतात.

नकाशा पुन्हा छापला, रेघ मोजली, शंभरला शंभर भरली आणि कापाकापी पहिल्यापासून सुरू झाली. मी नावं ऐकत बसलो. पोरगा म्हणायचा रिब, स्पार, डायहेड्रल. मामांनी ती नावं मनावर घेतली नाहीत. रिबला ते म्हणाले फासळी. खालून सपाट, वरून फुगीर अशा बारा फासळ्या ओळीनं उभ्या राहिल्या. संस्कृतात बरगडी म्हणजे पर्शु. पार्श्व म्हणजे बाजू. फासळी त्याच घरातली. फासळ्यांना या टोकापासून त्या टोकापर्यंत धरून ठेवणाऱ्या लांब पट्टीला, स्पारला, मामा म्हणाले वासा. वासा म्हणजे संस्कृत वंश, म्हणजे बांबू. घर फिरलं की वासे फिरतात. इथं वासा फिरला तर पंखाला पीळ पडतो आणि विमान एका अंगाला कलतं. म्हण घराची, पण विमानालाही तंतोतंत लागू.

मग डायहेड्रल. शिकाऊ विमानाचे दोन्ही पंख सरळ आडवे नसतात, टोकाकडं जरासे वर उचललेले असतात. वाऱ्यानं विमान एका बाजूला कललं की ते आपोआप सावरायला त्याची मदत होते. मामांनी पंख उपडा धरला आणि म्हणाले, 'हे तर दुपाखी घर!' मला त्या क्षणी शब्दांचा अख्खा वाडा दिसला. संस्कृत 'पक्ष' म्हणजे पंख आणि बाजूही. त्यापासून आपला पंख आला. पंधरवड्याचा पक्ष आला, पितरांचा आला, निवडणुकीतलाही आला. छपराच्या एका उताराला पाखं म्हणतात तेही त्यातलंच, आणि दोन उतारांचं घर ते दुपाखी. पाकळीही याच घरातली मानतात. पंखाच्या मागच्या कडेला हलणारी जी छोटी झडप असते तिला आयलेरॉन म्हणतात. तो फ्रेंच शब्द, अर्थ 'इवलासा पंख'. म्हणजे पाकळीच की. फुलाला पाकळी, घराला पाखं, विमानाला आयलेरॉन. आपला शब्द घरात असताना आपण तो बाहेरून मागवला.

धडाला इंग्रजी-फ्रेंचात फ्युजलाज म्हणतात, म्हणजे चातीसारखं. सूतकताईची चाती मधे फुगीर आणि दोन्हीकडं निमुळती असते. आमच्याकडं चाती आता कुणी ओळखत नाही, पण तिचं रूप विमानतळावर उभं असतं. शेपटीवरच्या उभ्या झडपेला, रडरला, मराठीत सुकाणू म्हणतात. हा शब्द अरबी 'सुक्कान'वरून आला. समुद्र आमच्यापासून शेकडो किलोमीटर लांब, मन्याड नदीत उन्हाळ्यात गुडघाभर पाणी सापडायची मारामार, तरी गावोगावी सुकाणू समित्या आहेत. कुणी होडी पाहिलेली नाही, सुकाणूवर मात्र सगळ्यांना बसायचं आहे.

या सगळ्या झडपा हलवतो तो सर्व्हो. वजन नऊ ग्रॅम. लॅटिन 'सेर्वुस' म्हणजे नोकर. आमच्या बोलीत याला एकच शब्द: गडी. मालकानं लांबून हाक द्यावी आणि गड्यानं तेवढंच आणि तसंच करावं. हाक नेणारा रेडिओ. लॅटिन 'रादिउस' म्हणजे चाकाचा आरा आणि त्यावरून किरण. बैलगाडीच्या चाकात मधल्या तुंब्यातून आरे जसे चहूकडं निघतात, तशा अँटेनातून लहरी निघतात. नाव देणाऱ्यानं गाडीचं चाक पाहिलेलं होतं.

रेडिओ स्वस्त होण्याआधी विमानं खरोखरच दोऱ्यावर उडवत. चालवणारा मधे उभा, हातात मूठ, मुठीतून दोन बारीक तारा विमानाच्या पंखात, आणि विमान त्याच्याभोवती गोल गोल. याला कंट्रोल लाइन म्हणतात. एनसीसीच्या हवाई विभागाच्या छात्रांसाठी आजही एरोमॉडेलिंग असतं आणि त्यांच्या शिबिरांत अशा विमानांच्या स्पर्धा होतात. ते चालवणारा अक्षरशः सूत्रधार. रेडिओच्या विमानात तारा गेल्या, सूत्रं अदृश्य झाली, पण धरणारा तोच. पुण्याचे सदानंद काळे यांच्यासारख्यांनी शाळांच्या मैदानावर रेडिओची विमानं उडवून दाखवली, आणि पुष्कळ मराठी पोरांनी हा सूत्रधार पहिल्यांदा पाहिला तो तिथं. सरकारच्या 2021 च्या ड्रोन नियमांतही हौसेच्या किंवा शिक्षणाच्या अशा विमानांची वेगळी व्याख्या आहे: वजन 25 किलोच्या आत आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. दोरा गेला तरी नजरेचा दोरा कायद्यानं शिल्लक ठेवला आहे.

विमानाचा विषय निघाला की कुणीतरी शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव घेतंच. 1895 साली त्यांनी मुंबईत चौपाटीवर माणसाविना विमान उडवलं असं सांगतात. त्या काळचा भक्कम पुरावा मात्र मिळत नाही. प्राचीन म्हणून गाजलेलं 'वैमानिक शास्त्र' हे पुस्तकही विसाव्या शतकात सांगून लिहून घेतलेलं आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी 1974 साली त्यातल्या विमानांना मापं लावून पाहिली आणि ती उडणार नाहीत असा निष्कर्ष काढला. इथं मला 'वावडी' हा शब्द आठवतो. वावड्या उठल्या असं आपण रोज वाचतो, पण वावडी म्हणजे मोठा कागदी पतंग, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. वावडी वर जाते, गुणगुणते, सगळ्यांना दिसते, पण तिच्यावर काही लादता येत नाही. तळपदे यांची जिद्द मोठी असेल. तिला आदर द्यावा. पण विमान या शब्दाचा मान ठेवायचा तर आधी माप मागावं.

विमान तयार झालं. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात आम्ही गेलो. पोरानं वाऱ्याला तोंड केलं, मोटार सुरू केली आणि विमान हातातून सोडलं. ते उठलं, नाक वर करत गेलं, आणखी वर केलं, क्षणभर हवेत थबकलं आणि नांगराच्या फाळासारखं नाकानं मातीत शिरलं. पुढच्या दोन फासळ्या मोडल्या. कारण नंतर कळलं. नकाशावर गुरुत्वमध्याची खूण होती. पंखाखाली त्या जागी दोन बोटं धरली की विमान आडवं तोललं पाहिजे. बॅटरी नकाशातल्यापेक्षा निराळी होती. घाईत ती मागं सरकवून बसवली आणि 'जमेल' म्हणून उडवलं. शेपूट जड झालं. नाक वर जात राहिलं, वेग मेला आणि पंखावरची हवा सुटली. थोडक्यात, पोरानं मान सोडलं आणि अनुमानावर भागवलं. दोन्ही शब्द 'मा'चेच, पण एकानं उडतं आणि दुसऱ्यानं पडतं.

संस्कृतात एक धातू आहे, पत्. त्याचा अर्थ उडणं. आणि त्याच धातूचा अर्थ पडणं. पतंग त्यातून आला, पक्ष्याचं पीस म्हणजे पत्र त्यातून आलं. पिसाचं पान झालं, पानाची चिठ्ठी झाली, आणि घरावरचा पत्राही झाला. ग्रीकमध्ये याच मुळाचा 'प्तेरोन' म्हणजे पंख. तो हेलिकॉप्टरच्या शेपटीत लपून बसला आहे. आणि 'पतति'चंच प्राकृतातून झालं 'पडणे'. मराठीनं क्रियापद पडण्यासाठी राखलं आणि नाम उडवायला ठेवलं. ज्यांनी हा धातू प्रथम वापरला त्यांना उडणं आणि पडणं ही एकाच हालचालीची दोन टोकं वाटली असावीत. त्या रानात मातीतून मोटार उपसताना मला ते पटलं.

घरी येऊन फासळ्या नव्या केल्या. बॅटरी पुढं सरकवली, एक सूत, दोन सूत, चार सूत. दरवेळी मामा पंखाखाली दोन बोटं धरायचे आणि डोळे मिटून तोल बघायचे. शेवटी म्हणाले, 'आता खरं बोलूलालंय.' दुसऱ्या दिवशी विमान चार मिनिटं उडालं. गोल फेऱ्या मारल्या, एकदा वावभर खाली आलं, सावरलं आणि धुळीत पोटावर उतरलं. बांधावर शेळ्या राखणारे एक म्हातारबाबा पाहत होते. ते म्हणाले, 'इमान बेस हाय.'

मी दुरुस्ती केली नाही. कोशात विमान आणि इमान हे दोन शब्द कधी शेजारी बसणार नाहीत. एक संस्कृत, दुसरा अरबी. श्रद्धा, विश्वास हा त्याचा मूळ अर्थ, आणि निवडणुकीत जप्त होते ती 'अनामत'ही त्याच मुळाची. त्यांची भेट आमच्या बोलीनं केवळ उच्चाराच्या आळसानं घडवली. पण काम करणाऱ्यानं ती मानायला हरकत नाही. तेव्हा कुणाच्या घरी पोरगं नकाशा छापून आणेल, तर कात्री लावण्याआधी कोपऱ्यातल्या रेघेवर पट्टी ठेवायला सांगा. शंभर म्हणजे शंभरच भरले पाहिजेत.